शांतवन गुरुजींच्या दोन बाटल्या

दुपारपासून शांतवन गुरुजी चर्चच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. उभा जन्म पुणतांब्यात ज्यांनी दारूच्या नावानं बोटं मोडली, त्यांना आज दारू विकत आणायची होती. तीही दोन बाटल्या!

सगळा घोळ लेकीच्या गाळणीचा. रूथ नगरच्या कॉलेजात संशोधन करायची. चर्चच्या विहिरीत शेतांवरच्या फवारणीचं औषध झिरपू लागलं, तेव्हा तिनं विहिरीवरच्या नळाला काळ्या दाण्यांचं नळकांडं बसवून दिलं. केसाहून हजारो पट बारीक अशा कार्बनच्या नळ्या पॉलिमरमध्ये गुंफलेल्या; औषध त्यांना चिकटतं, पाणी पुढे जातं. पण दाणे औषधानं भरले की अल्कोहोलनं धुवावे लागतात. ते ती स्वतः घेऊन यायची. या खेपेला ती टायफॉइडनं अंथरुणाला खिळली, आणि इकडे नळाला औषधाचा वास यायला लागला.

"पप्पा, मेडिकलच्या स्पिरिटात भलतंच मिसळलेलं असतं. बिनरंगाची व्होडका आणा," ती फोनवर म्हणाली.

थांबावं तर बाया तेच विहिरीचं पाणी शेंदून नेणार. लोक हसतील याची गुरुजींना फिकीर नव्हती. धास्ती होती ती गावातल्या श्रीमंतची. गेल्या वर्षी त्यांच्या शब्दावर त्यानं दारू सोडली होती. त्यानं पाहिलं तर? मग तो बिचारा कशाच्या आधारानं राहणार?

शेवटी गेले एकदाचे. दुकानदार भिमाजीला वाटलं, गुरुजी दुकान बंद पाडायलाच आले. पिशवीत बाटल्या, वर कोथिंबिरीची जुडी, आणि गुरुजी झपाझप माघारी. चर्चच्या फाटकाशी श्रीमंत रिकामा हंडा घेऊन उभा! नेमक्या तेव्हाच बाटल्या खणखणल्या.

"गुरुजी, तुमी?" त्याचा चेहराच पडला.

गुरुजींनी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्याला पटेना, तेव्हा नळापाशी नेऊन बाटलीचं झाकण फिरवलं. वास सुटला तशी श्रीमंतची नजर बाटलीवरून हलेना. गुरुजींनी बाटली मागे घेतली. आपलं नाव राखायला आपण याला दारूपुढे आणून उभं केलं!

"श्रीमंत, तू घरी जा बाबा."

"न्हाई. द्या हिकडं."

गुरुजी बाटली सोडेनात. त्यानं ती हिसकावली, क्षणभर छातीशी धरली, मग मान फिरवून नळकांड्यात ओतली. दुसरीही ओतली. खाली बादलीत पिवळट पाणी साचलं.

"ह्यात आता इख हाय?"

"हो. झाकून ठेवू. रूथ घेऊन जाईल."

"आधी बाटलीत बी हुतंच की," श्रीमंत म्हणाला. त्यानं नळ सोडून हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. गुरुजी शेजारी उभे राहिले. नळ त्यांनी तसाच वाहू दिला.