बिनसहीचा अभिप्राय

तीन वर्षं माझ्या शेवटच्या दोन पानांमध्ये एक पत्र पडून होतं. वहीच्या कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं. ज्यांना ते आलं होतं त्यांनी ते पुष्कळदा वाचलं, पण उत्तर पाठवलं नाही. उत्तर सुचत नव्हतं असं नाही. उत्तर द्यायचं तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागणार होती आणि तेवढं त्यांना जमत नव्हतं.

मित्रांनो, लोहाऱ्यातल्या एका लहान वाचनालयात खाकी कव्हर घातलेली, पाठ थोडी उसवलेली एक ऐतिहासिक कादंबरी आहे. ती मी. माझं नाव ‘वैराची हळद’. माझे लेखक गौरीशंकर गुरुजी. ते शाळेत इतिहास शिकवायचे. पन्नास मुलांसमोर ते तासभर बोलत, पण शिक्षकांच्या खोलीत एका माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांचे शब्द अडायचे. म्हणूनच कदाचित त्यांनी मला लिहिलं.

माझी सुरुवात शिल्लक प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. लिहायला सात वर्षं लागली. मग सोलापूरच्या एका छापखान्यात मी छापले गेले, शिवले गेले. मुखपृष्ठावर चित्रकारानं हातात कट्यार उगारलेली बाई काढली. गोष्टीत ती कट्यार दोनदाच उगारते. गुरुजींना ते चित्र आवडलं नव्हतं, पण ते काही बोलले नाहीत. पहिल्या पानावर त्यांचा पत्ता छापला गेला. एक प्रत त्यांनी गावच्या वाचनालयाला दिली. ती प्रत म्हणजे मी.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण सगळं भांडण तिच्यावरून झालं. रायाजी नावाचा सरदार एक किल्ला जिंकतो. त्या लढाईत किल्लेदाराचा मुलगा मरतो. तहात ठरतं म्हणून किल्लेदाराची मुलगी अंबिका हिचं रायाजीशी लग्न लावलं जातं. ती त्याला मारायची शपथ घेते आणि पुढं त्याच्याच जखमा बांधते. तो तिच्यावर जीव टाकतो आणि एका संशयापायी तिला अठरा दिवस बुरुजात कोंडतो. सुटल्यावर ती निघून जाते. शेवटी किल्ल्याला वेढा पडतो, तेव्हा ती चोरदरवाजानं परत येते. तिथं मी संपते. ती का आली, हे माझ्यात लिहिलेलं नाही.

आमच्या वाचनालयात एक रीत होती. ग्रंथपाल बालाजी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक आखलेला कागद चिकटवायचा. पुस्तक परत करताना वाचकानं त्यावर एक-दोन ओळी अभिप्राय लिहायचा आणि खाली नाव टाकायचं. त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. लोक न वाचताच पुस्तकं परत आणतात, असा त्याला संशय होता. बऱ्याच पुस्तकांच्या कागदावर ‘छान आहे’, ‘बोधप्रद आहे’ असं लिहिलेलं असे. माझा कागद मात्र वर्षभरात भरला. दुसरा चिकटवावा लागला. कुणी मला दोनदा वाचल्याचं लिहिलं. कुणी लिहिलं, ‘अर्ध्यात सोडली, डोकं दुखलं.’ एका मुलीनं लिहिलं, ‘असं प्रेम आता राहिलं नाही.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात होतं, ‘राहिलंय. पोलीस ठाण्यात जाऊन बघा.’

एका बाजाराच्या दिवशी मी बालाजीच्या टेबलावर होते. शिवणकाम करणाऱ्या कडूबाई मला परत करायला आल्या होत्या. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर बलभीमअण्णा तिथंच पेपर वाचत होते.

“अण्णा, ‘रायाजी वाघ माणूस’ असं तुमीच लिवलंय व्हय?” कडूबाईंनी विचारलं.

“व्हय. किल्ला घेतला की त्यानं.”

“आन बायकूला अठरा दिवस कोंडली त्याचं काय? तुमी वहिनींला अठरा मिनिटं कोंडून दावा.”

“न्हाय बा. मलाच भाईर उपाशी ऱ्हावं लागंल.”

“आन ही बया परत जाती त्याच्याकडं! मला तर पुस्तक फेकून द्यावं वाटलं.”

“मंग फेकलं का न्हाय?”

“पुढं काय हुतंय बघायचं हुतं की!”

बालाजी हसत म्हणाला, “तुमी कशाला भांडताय? लिवणारंच हितं बसल्यात. गुरुजी, सांगून टाका, का गेली ती परत?”

गुरुजी कोपऱ्यात मासिक चाळत होते. त्यांचे कान लाल झाले. “वाचकांना… वाचकांना जे वाटेल ते खरं,” ते म्हणाले.

“घ्या! ह्यांनाच ठाऊक न्हाय,” कडूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. गुरुजीही थोडं हसले.

त्या दिवशी त्यांनी मला घरी नेलं. आठवडाभर ते माझं शेवटचं प्रकरणच वाचत होते. परत आणलं तेव्हा बालाजी चहा सांगायला बाहेर गेला होता. गुरुजींनी मला टेबलावर उघडलं आणि अभिप्रायाच्या कागदावर, स्वतःचं वळण लपवून, सुट्या अक्षरांत लिहिलं : ‘लेखकाला शेवट जमलेला नाही. अंबिका परतते हे खोटं आहे. खरी बाई परतली नसती.’

नावाची जागा त्यांनी कोरी ठेवली. मला वाटतं, दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी आपणच म्हणून मोकळं व्हावं, असं त्यांना वाटलं असावं. भित्री माणसं असं करतात. त्यांना वाटतं, यात दुसऱ्या कुणाला काही लागणार नाही.

त्यानंतर मला रुद्रम्मा नावाच्या बाईंनी नेलं. लोहाऱ्याहून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या एका गावात त्या अंगणवाडी चालवायच्या. मुलं खिचडी खाऊन झोपली की त्या मला उघडत. माझ्या एकशे चाळिसाव्या पानावर अजून हळदीचं बोट आहे, ते त्यांचं. घरी त्यांचे यजमान महांतप्पा ट्रक घेऊन हैदराबाद रस्त्याला जात आणि दोन-तीन दिवसांनी येत. एकदा ते जेवताना म्हणाले, “काय एवढं वाचतीस?”

“तुमच्यासारखा एक गडी हाय ह्यात.”

“मंग बरा असंल.”

“न्हाय,” रुद्रम्मा म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. महांतप्पा भाकरीकडं बघत राहिले, मग खाऊ लागले.

शेवटचं प्रकरण रुद्रम्मांनी अंगणवाडीच्या उंबऱ्यात बसून वाचलं. चोरदरवाजाच्या पानावर त्या थांबल्या, मागं गेल्या आणि तेच पान पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा शांत होता. मग त्यांनी मागचा कागद उलटला आणि ती बिनसहीची ओळ वाचली. इतर मतांवर त्या हसल्या होत्या. या ओळीवर त्या बराच वेळ बोट ठेवून बसल्या. तेव्हा त्यांनी माझ्यावर काहीच लिहिलं नाही. वहीचं पान फाडलं, पहिल्या पानावरचा पत्ता बघितला आणि पत्र लिहिलं.

‘आदरणीय गुरुजी, तुमची कादंबरी वाचली. मी सहा वर्षं माहेरी होते. मागच्या वर्षी नांदायला परत आले. का आले, हे सगळ्यांनी विचारलं, मी कुणाला सांगितलं नाही. अंबिका परत आली तिथं मला बरं वाटलं. मग मागच्या कागदावर वाचलं, खरी बाई परतली नसती. तुम्ही तिला लिहिलंय म्हणून तुम्हालाच विचारते. अंबिका खोटी आहे का? असेल तर मी कोण? राग मानू नये. दोन ओळी लिहाव्यात. – रुद्रम्मा’

मला परत करताना त्यांनी ‘वाचली’ एवढाच अभिप्राय लिहिला आणि खाली पूर्ण नाव टाकलं.

चौथ्या दिवशी, पत्र हातात पडल्यावर, गुरुजी वाचनालयात आले, मला शोधलं, नोंद केली आणि घरी नेलं. रुद्रम्मांचं पत्र त्यांनी माझ्या शेवटी ठेवलं. मग मला कपाटात, जुन्या पंचांगांच्या मागं सरकवलं. ती ओळ आता आणखी कुणी वाचू नये, एवढंच त्यांच्या मनात असावं.

मित्रांनो, पुस्तकाला न वाचलं जाण्याची सवय होते. कपाटात ओल होती. कसर माझ्या पाठीची खळ खाऊ लागली. मधूनमधून गुरुजी मला बाहेर काढत, पत्र वाचत आणि उत्तर लिहायला बसत. ‘अंबिका खोटी नाही’ असं लिहीत आणि थांबत, कारण मग ती ओळ कुणी लिहिली, हे सांगावं लागलं असतं. ते न सांगता लिहिलेलं उत्तर त्यांनाच खोटं वाटायचं. कागद फाटायचा. मी आत जायचे. असं तीन वर्षं चाललं. बालाजी रस्त्यात भेटला की म्हणायचा, “गुरुजी, तेवढं पुस्तक…” आणि गुरुजी म्हणायचे, “आणतो, आणतो.” लेखकाकडं त्याचंच पुस्तक कसं मागायचं, म्हणून बालाजीही जोर करत नव्हता.

या जानेवारीत वाचनालयातल्या पुस्तकांची मोजदाद निघाली. तेव्हा बालाजी सरळ घरी आला. “गुरुजी, सगळी पुस्तकं मिळाली, तुमचंच ऱ्हायलं,” त्यानं बैठकीतूनच सांगितलं.

“आणतो,” म्हणून गुरुजी आतल्या खोलीत आले. त्यांनी मला काढलं, पत्र बाजूला ठेवलं आणि टेबलावरचं ब्लेड घेतलं. अभिप्रायाचा कागद त्यांना कापायचा होता. ब्लेड माझ्या शिवणीला टेकलं. मला भीती वाटली की नाही, ते सांगता येत नाही. शिवण एकदा कापली की समोरची पानंही सुटतात, हे मात्र मला माहीत होतं.

“सापडंना व्हय?” म्हणत बालाजी दारात आला. त्यानं ब्लेड पाहिलं. “आवं, काय करताय?”

“हा कागद… खराब झालाय.”

“गुरुजी, लोकं पुस्तकाच्या आधी ह्योच कागद उघडत्यात! ती अंगणवाडीवाली बाई, रुद्रम्मा, चारदा येऊन गेली. मागल्या बाजारी म्हणली, पुस्तक न्हाय मिळालं तर ऱ्हाऊ द्या, पर त्या कागदावर कुणी नवीन काय लिवलंय का, तेवढं बघून सांगा.”

गुरुजी खाटेवर बसले. त्यांनी ब्लेड खाली ठेवलं.

“बालाजी, ही ओळ मी लिहिली.”

“कंची?”

“खरी बाई परतली नसती. ही.”

बालाजीनं मला हातात घेतलं, ओळ वाचली, गुरुजींकडं पाहिलं. “तुमी? सोताच्याच पुस्तकावर?”

“कुणीतरी म्हणणारच होतं.”

“म्हणू द्यायचं की मंग त्याला!” बालाजी हसू दाबत म्हणाला. “पुस्तक तुमच्याकडं येयाच्या आधीच कडूबाईनं ती ओळ वाचली हुती. तवापास्नं म्हणतीय, ह्या लिवणाऱ्याला डोकं हाय. आन बलभीमअण्णा त्याला शिव्या देत्यात. दोनी बी तुमालाच लागू.”

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी रुद्रम्मांचं पत्र बालाजीच्या हातात दिलं. बालाजीनं ते उभ्यानंच वाचलं. वाचून झाल्यावर तोही हसला नाही.

“तीन वर्षं?” तो म्हणाला.

“तीन वर्षं. आता काय करू, सांग.”

“म्या काय सांगू? आपला नियम काय हाय? मत लिवलं की खाली नाव.” त्यानं मला उघडून गुरुजींच्या मांडीवर ठेवलं. “जागा रिकामीच हाय.”

गुरुजींनी पेन घेतलं आणि त्या ओळीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. तारीख त्या दिवसाची टाकली. बालाजीनं मला नेलं नाही. “उद्या आणून द्या,” तो म्हणाला, “आज तुमास्नी काम हाय.”

त्या संध्याकाळी गुरुजींनी एकाच बैठकीत उत्तर लिहिलं. मी शेजारीच होते, म्हणून मला ते माहीत आहे.

‘सौ. रुद्रम्मा यांस, उत्तराला तीन वर्षं उशीर झाला. त्याला कारण माझा भित्रेपणा. ती ओळ मीच लिहिली होती. ती अंबिकेबद्दल नव्हती, माझ्या लेखणीवर माझा भरवसा नव्हता म्हणून होती. ती तुम्हाला लागेल, हा विचार मी केला नाही. अंबिका का परतली, हे लिहिताना मला कळलं नव्हतं, आजही नक्की कळलेलं नाही. पण ती खोटी नाही. तुम्ही परत आलात, हे तुमचं आहे. त्याला माझ्या पुस्तकाची साक्ष नको. उद्या तुम्ही पुन्हा निघालात, तरीही नको. तेव्हाही तुम्ही खऱ्याच असाल. पुस्तक वाचनालयात परत ठेवत आहे. त्या ओळीखाली माझं नाव आहे. त्याच्याखाली तुम्हाला जे लिहायचं असेल ते लिहा. – गौरीशंकर’

मित्रांनो, आमच्यावर खुशाल लिहा. आवडलं नाही तर तसं लिहा. माझ्या कागदावर एकमेकांशी न पटणारी साठ मतं आहेत आणि त्यातल्या एकानंही माझं काही बिघडलं नाही. फक्त खाली नाव टाका. नाव असलं की वाचणाऱ्याला त्या माणसाशी भांडता येतं. नाव नसलेली ओळ सगळ्या जगानं म्हटल्यासारखी वाटते आणि ती कुणाच्या वाट्याला जाईल, ते लिहिणाऱ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी मला कापडी पिशवीत घातलं आणि ते पोस्टात गेले. तिकीट लावलं, पत्ता दोनदा तपासला. “आजच्या टपालात निघेल ना?” त्यांनी खिडकीत विचारलं. “पेटीत टाका, निघंल,” आतला माणूस मान वर न करता म्हणाला. गुरुजी पेटीजवळ थोडा वेळ उभे राहिले. मागं एक बाई पाकीट घेऊन उभी होती. ती म्हणाली, “काका, टाकताय का सरकू?” गुरुजींनी पाकीट सोडलं. ते फटीत अडकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी दोन बोटं आत घालून पाहिली. फट मोकळी होती.