बेटावरची फुलाबाई

हर्षालीच्या काळजीवर सासरी सगळ्यांचं हसून झालं होतं. गंगापूर रोडच्या तिच्या फ्लॅटमध्ये प्लगच्या भोकांवर चिकटपट्ट्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज आणि न्हाणीतली बादली कायम पालथी. नवरा महेश सिन्नरच्या कंपनीतून आला की दारातूनच विचारायचा, आत येऊ का आधी तपासणी आहे? वेदिका नुकतीच चालायला लागली होती, म्हणजे खरं तर पळायलाच. हर्षालीची नजर तिच्या मागे अशी लागलेली असायची की बारशापासून दिराच्या लग्नापर्यंत एकाही फोटोत ही बाई समोर बघताना सापडत नव्हती. सासूबाई, लंकाबाई, दर वेळी अल्बम बघताना म्हणायच्या की आमच्या सुनेला फोटोवाल्याचं काय वावडं हाय कोण जाणे.

आणि नेमकी याच घरात काचांची पेटी आली.

पेटी सासरच्या, सायखेड्याच्या घरातली. प्लेगच्या साथीत गावाजवळच्या गोदावरीच्या बेटावर सरकारनं छावणी टाकली होती. साथीच्या गावांतून येणाऱ्यांना आधी तिथं राहुट्यांमध्ये ठेवायचे, धड राहिले तर पुढे सोडायचे. महेशचे खापरपणजोबा पुंजा त्या बेटावर होडीनं माणसं न्यायचे. त्यांची बायको फुलाबाई अंगावरच्या लेकरासकट बेटावरच राहिली. ज्या बाया तापात पडल्या त्यांची तान्ही पोरं तिनं आपल्या पोराबरोबर पाजली, असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले. छावणीचे फोटो काढणारा साहेब जाताना त्या फोटोंच्या काचांची, म्हणजे निगेटिव्हची, पेटी पुंजाकडे ठेवून गेला, परत येऊन नेतो म्हणाला आणि आलाच नाही. दुसऱ्याची ठेव म्हणून पुंजानं ती टाकली नाही, आणि पुंजानं टाकली नाही म्हणून पुढेही कोणी टाकली नाही.

गावात मात्र या गोष्टीला फारसं कोणी विचारत नसे. बेटावर आता बाभळी आणि पाणकणसं. तिथं छावणी होती म्हटलं की लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

यंदाच्या पावसात माळ्यावरचा पत्रा गळला आणि पेटीला ओल लागली. हर्षालीनं लग्नाआधी पुण्यात संग्रहालयाच्या कामाचा डिप्लोमा केला होता. वेदिका झाल्यापासून तो कपाटातच होता. ओली पेटी पाहिल्यावर तिनं ती लगेच आपल्याकडे न्यायचा हट्ट धरला, आणि या खेपेला कोणी हसलं नाही. लंकाबाईंनी स्वतः पेटी गाडीत ठेवली.

पुढचे काही दिवस वेदिका दुपारी झोपली की हर्षाली दाराला कडी घालून कामाला बसायची. काच कडेनं धरायची, मऊ ब्रशनं बुरशी झटकायची, कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवायची आणि खोक्यात उभी लावायची. मग खोकं कपाटाच्या डोक्यावर. प्रत्येक काचेला एक बाजू गुळगुळीत आणि एक मंद, बिनचकाकीची. चित्र त्या मंद बाजूवरच्या पातळ थरात असतं, तिला बोट लावायचं नाही. काच उजेडावर धरून तिनं मोबाईलवर फोटो घेतला आणि त्यातलं काळं-पांढरं उलटं केलं, तेव्हा काळ्या चेहऱ्यांची माणसं झाली. राहुट्यांची रांग, होडी, टोपीवाला डॉक्टर, वाळूत ओळीनं उभ्या केलेल्या बाया.

त्या बायांच्या फोटोत एका कडेला पांढुरका डाग होता आणि ओळीतल्या शेवटच्या बाईपासून त्या डागापर्यंत एक बारीक काळी रेघ. काच कुठेतरी ओरखडली असणार. मूळ काचेला तिनं हात लावला नाही, पण घरच्यांना पाठवायच्या फोटोतून डाग कापला आणि रेघ सफाईनं पुसली. महेशनं तो फोटो कंपनीत सगळ्यांना दाखवला. आमचं घराणं, म्हणाला. सगळ्यांनी एकच विचारलं, यातली तुमची फुलाबाई कोणती?

सायखेड्याहून फोनवर उत्तर आलं की त्या पेटीत ती नाही. ती देवघरात आहे.

ते हर्षालीलाही माहीत होतं. साहेबानं फुलाबाईचा एकटीचा फोटो काढून ती काच तिलाच दिली होती. ती गेल्यावर काच देवघरात चांदीच्या टाकांशेजारी बसली. सुनेनं त्या कुंकवानं लाल झालेल्या काचेला लांबूनच नमस्कार केला होता. देवाला हातात घेऊन उजेडावर कसं धरायचं?

मग एके दिवशी लंकाबाई स्वतःच काच घेऊन आल्या. कुंकू पुसून, खणात गुंडाळून, वर तांदूळ आणि सुपारी ठेवून, एसटीत मांडीवर धरून. हर्षालीनं आधी पाटावर ठेवून तिची ओटी भरली, मग चहा टाकला. चहा पिता पिता सासूबाई म्हणाल्या की माझ्या सासूला तिचं तोंड दिसायचं. मी नवरी होऊन आले तेव्हा थोडं थोडं दिसायचं. आता डोळ्याला दिसत नाय, पण तुझ्या मोबाईलात दिसंल. डोळे मिटायच्या आत एकदा बघायचंय.

हर्षालीनं काच उजेडावर धरली. खालच्या अर्ध्या भागात चित्र होतं: लुगड्याच्या निऱ्या, मांडीवर दोन तान्ही, कमरेला गाठ मारलेली दोरी. वरच्या भागात नुसती काच होती. इतकी स्वच्छ की पलीकडचा पंखा दिसत होता.

तिला लगेच कळलं. नवरात्राआधी घरात देव उजळतात. टाक चिंचेनं घासतात आणि फुलाबाईला कोमट पाण्यानं आंघोळ घालून मऊ फडक्यानं पुसतात, कुंकू लावतात. कुंकू कपाळाला, म्हणून पुसायचंही तिथंच जास्त. आणि नेमकी तीच मंद बाजू वर ठेवलेली. वर्षानुवर्षं घरातल्या सुनांनी आपल्या हातानं, मायेनं, तिचं तोंड धुऊन काढलं होतं.

सांगावं की नाही? काच जुनी झाली म्हटलं असतं तर चाललं असतं. हर्षाली नको इतका वेळ काच उजेडाशी धरून उभी राहिली, आणि लंकाबाई काही भोळ्या नव्हत्या.

"मी पुसलं का तिला?"

हर्षालीनं काच पाटावर ठेवली. "एकट्या तुम्ही नाही, आई. पण हो, आंघोळीनं गेलं."

लंकाबाईंनी पदराला हात पुसले, जणू अजून ओले होते. मग काचेच्या उरलेल्या भागावर बोट न लावता नुसतं वरून फिरवत म्हणाल्या की ही दोरी तेवढी राहिली बघ. सावळीरामाची. सावळीराम म्हणजे फुलाबाईचं ते अंगावरचं पोर, महेशचे पणजोबा. चालायला लागल्यापासून नदीकडे पळायचं. दोन्ही हातांत लोकांची लेकरं, मग हिनं त्याच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक आपल्या कमरेला. म्हातारपणी तो स्वतःच सांगायचा की मी आईला गुरासारखा बांधलेला होतो.

हर्षालीला ती पुसलेली रेघ आठवली. "आई, वेदिकाकडे बघा जरा," म्हणून ती उठली आणि कपाटावरून खोकं काढलं.

बायांची काच तिनं खिडकीशी नेली आणि तिरकी धरली. ओरखडा असता तर तिरक्या उजेडात चर दिसली असती. थर सलग होता. ती रेघ काचेवरची नव्हतीच. ती वाळूवर पडलेली होती. उजळ वाळूवर काळी, ओली दोरी.

मोबाईलवर तिनं न कापलेला फोटो उघडला. शेवटच्या बाईच्या कमरेपासून दोरी निघाली होती आणि कडेच्या त्या पांढुरक्या डागात गेली होती. डाग म्हणजे पोर. फोटो उतरेपर्यंत स्थिर उभं राहायचं त्याला कोण सांगणार? ते पळालं आणि काचेवर नुसता फराटा उमटला. बाईच्या एका कडेवर एक तान्हं, दुसरं खांद्यावर. बाकीच्या साऱ्या बाया साहेबानं सांगितलं तसं श्वास रोखून समोर बघत होत्या. ही एकटी मान वळवून त्या पळणाऱ्या डागाकडे बघत होती. मान मात्र तिनं हलू दिली नव्हती. नाक, कपाळावरची आठी, कानातली बुगडी, सगळं स्वच्छ.

"मीही पुसलंच होतं, आई," हर्षाली म्हणाली. "घाण समजून. दोरी आणि पोरगं, दोन्ही."

लंकाबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला. तेवढ्यात वेदिका पाटाकडे निघाली होती. हर्षालीनं न बघताच पाय आडवा घातला आणि तिला अडवलं. लंकाबाईंची नजर मोबाईलवरून सुनेच्या पायावर आली आणि परत मोबाईलवर गेली.

"लय वर्षं विचार करत होते," त्या म्हणाल्या, "तू कुणावर गेलीस."

"आई, मी सून आहे. मी कशी त्यांच्यावर जाणार?"

"मग मी काय लेक हाय? आपण दोघीबी बाहेरून आल्यालो. तीबी आलेलीच."

ती अर्धी काच परत देवघरात गेली नाही. आता तिला पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच हर्षालीनं सांगितलं होतं. पुढचा मार्ग लंकाबाईंनीच काढला. नवरात्राआधी देव उजळले तेव्हा त्यांनी खणातली तीच सुपारी ताम्हनात ठेवली, फुलाबाई म्हणून तिला आंघोळ घातली, तिलाच कुंकू लावलं. काच कोरडीच, कागदाच्या घडीत, बाकीच्यांबरोबर खोक्यात उभी राहिली. हर्षालीनं खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलं, फुलाबाई आणि बेटावरची माणसं.

घटस्थापनेला महेशनं बायांचा तो फोटो मोठा छापून, चौकट करून आणला आणि सायखेड्याच्या पुढच्या खोलीत लावला. काही कापलं नव्हतं. डाग डागाच्या जागी, दोरी दोरीच्या जागी. आरतीला आळीतले लोक आले. ज्यांनी बेटाचं नाव काढल्यावर मान हलवली होती तेही बायांच्या मागच्या राहुट्या, होडी बघत थांबले. सखुबाई लंकाबाईंच्या शेजारच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या की फोटो झकास आहे, पण तुमची म्हातारी तेवढी भलतीकडेच बघतीय.

हर्षाली दारात वेदिकाच्या फ्रॉकचं टोक धरून उभी होती. लंकाबाईंनी प्रसादाची वाटी सखुबाईंच्या हातात दिली.

"पोरं सांभाळणारी बाई समोर कशाला बघल?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात समोर बघणाऱ्या बाया नायतच. ती बघ, दुसरी दारात उभी हाय."