गमबूट नावाची नोंद

नियम नायरीनेच केला होता: टेबलावरचं टेबलावर. कोण आलं, काय घेऊन आलं, त्यात काय निघालं, यातलं अक्षरही हॉलच्या दाराबाहेर जायचं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, पोलिसाला तर नाहीच नाही. डनीडन शहरातल्या त्या चढावरच्या चर्चच्या हॉलमध्ये ती दर बुधवारी बसायची. पोरं खिशातून नशेची पुडी काढायची. ती त्यातली चिमूट यंत्राच्या काचेवर ठेवायची, दोन थेंब टाकून रंग बघायची आणि पाव तासात सांगायची, की विकणाऱ्याने सांगितलं तेच आहे की भलतंच काही गळ्यात मारलंय. घेऊ नकोस म्हणून कान पिकवायला बाकीचं गाव होतंच. खरं नावही विचारायचं नाही. जो जे नाव सांगेल ते वहीत लिहायचं.

सहा महिन्यांचा अहवाल करायला ती वही घरी घेऊन आली आणि तिसऱ्याच पानावर थबकली. नाव होतं गमबूट.

गमबूट हे पूर्वी तिच्या घरात असलेल्या कोकराचं नाव होतं. शाळेतल्या पाळीव प्राण्यांच्या दिवसासाठी तेव्हा आठ वर्षांच्या असलेल्या ब्रायडीने ते बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, आणि ते मेलं कोकरू नायरीच्याच गमबुटात तोंड खुपसून झोपायचं. ब्रायडी तिची एकुलती एक मुलगी, आता मोठी झालेली. दोन वर्षांपूर्वी कसलीशी गोळी घेऊन पोरगी तीन दिवस बेशुद्ध होती. त्यानंतरच नायरी या कामाला लागली. आणि तेव्हापासून दर रविवारी जेवणाच्या टेबलावर ब्रायडी बटाटे वाढून घेत सांगायची, "सुटलं गं आई ते सगळं. किती वेळा विचारशील?"

गमबूटच्या अकरा नोंदी होत्या. सगळ्या शनिवारच्या आणि सगळ्या लुपेच्या अक्षरात.

लुपे तिची वीस वर्षांपासूनची मैत्रीण, मूळची सामोआ बेटांवरची; शनिवारी टेबलावर तीच बसायची. हे काम तिला नायरीनेच शिकवलं होतं. नायरी तडक हॉलवर गेली. लुपे कप विसळत होती.

"अकरा शनिवार माझी मुलगी तुझ्यासमोर बसली," नायरी म्हणाली, "आणि रविवारी तू माझ्या घरी येऊन पोटभर जेवलीस!"

लुपेने नळ बंद केला. "बेरजा करायला दिली होती वही, बये. नावं ओळखायला नव्हती दिली."

"लाज नाही वाटली मूग गिळून बसायला?"

"वाटली. दर रविवारी वाटली. पण आईलासुद्धा नाही, हे कुणी शिकवलं मला? तेव्हा मी हसले तर डोळे वटारलेस माझ्यावर." लुपेचा आवाज खाली आला. "पहिल्या दिवशी तिने विचारलं, आईला सांगशील? मी नाही म्हटलं, म्हणून ती दुसऱ्यांदा आली. चार वेळा भलतंच निघालं, नायरी. चारही वेळा तिने माझ्यासमोर ते बाटलीत ओतून नासवलं. शनिवारी तू येऊ नकोस. तिला तेवढी एकच खुर्ची आहे."

लुपेचं खरं होतं, आणि त्याचाच नायरीला जास्त संताप आला. दोघींनी मिळून तिला वेड्यात काढलं होतं. आपल्याच ताटात जेवून आपल्यालाच फसवलं, हे काही तिच्या मनातून जाईना.

शनिवारी तिने बियाण्यांच्या दुकानातून सुट्टी काढली आणि लुपेच्या शेजारी जाऊन बसली. दारावर तिनेच बुधवारी लाल शाईने लिहिलेला कागद होता: पिवळसर पावडरीत श्वास बंद पाडणारं काहीतरी मिसळलंय, तपासल्याशिवाय घेऊ नका.

साडेअकराला ब्रायडी आली. रांगेत सहाजण होते, ती सातवी. खिशात हात घालता घालता तिला टेबलामागे आई दिसली. ती आईकडे बघतच नव्हती. लुपेकडे बघत होती.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"नाही गं पोरी, देवाशपथ नाही," लुपे म्हणाली. ब्रायडीने ऐकलंही नाही. ती वळली आणि पायऱ्या उतरू लागली.

नायरी खुर्ची पाडून धावली. तिला तो लाल कागद दिसला, आपलंच अक्षर दिसलं, आणि सगळा राग गळून नुसती भीती उरली. "ब्रायडी! हवं तर मी जाते! तपासून तरी घे!"

ब्रायडी थांबेना.

"गमबूट!" नायरी ओरडली.

ब्रायडी फाटकाशी थांबली. सावकाश मागे वळली. तिचा चेहरा आठ वर्षांच्या पोरीसारखा झाला होता.

"म्हणजे लुपे नाही," ती म्हणाली. "तू वही वाचलीस."

"मी तुझी आई आहे गं."

"माहीत आहे. म्हणून तर मी शनिवारी यायचे."

ती उतारावरून भराभरा चालत गेली, एक हात खिशातच ठेवून. नायरीच्या मागून लुपे जाकीट चढवत धावली आणि नायरीकडे न बघता ब्रायडीच्या मागे उतरत गेली.

रांगेतल्यांनी सगळं ऐकलं होतं. टोपीवाल्या एका मुलाने हातातली पुडी खिशात घातली आणि नायरीला वळसा घालून तो बाहेर पडला. मग त्याच्या मागची मुलगी निघाली. थोड्या वेळाने टेबलापाशी कुणीच उरलं नाही.