जुळलेली वाक्यं

"आई, निबंधासाठी तू मला जे सांगितलंस ना, ते कुठून वाचून सांगितलं होतंस का?"

मोठ्या ड्रायरच्या घरघरीत आईला यातलं अर्धंच ऐकू आलं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मळक्या चादरींच्या ट्रॉलीआड जाऊन उभी राहिली. रुग्णालयाच्या धुलाईघरात बोलण्यासारखी जागा तेवढीच.

"मी कशाला वाचीन? झालंय काय ते सांग."

"कॉम्प्युटर म्हणतोय मी चोरी केलीय!" मुलीचा आवाज रडवेला झाला. "आमचे निबंध एका सॉफ्टवेअरमधून जातात गं. दुसऱ्या कुणाच्या लिखाणाशी जुळलं की तेवढा भाग लाल होतो. माझा चौतीस टक्के लाल आलाय. वर्गात आठशे जण आहेत, आणि मॅडमनी मला आज भेटायला बोलावलंय. काढून टाकतील का गं मला?"

"कुणाशी जुळलाय?"

"थोडा कुठल्याशा वेबसाइटशी. पण बराचसा इथल्याच जुन्या निबंधाशी. नाव दिसत नाही, नुसतं 'विद्यार्थ्याचा निबंध' आणि साल."

"कुठलं साल?"

मुलीनं साल सांगितलं. आईनं ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

"एखादं लाल वाक्य वाच बरं."

"'चादर बोलत नाही, पण रोग्याची रात्र कशी गेली ते धुणाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळतं.' हे तर तू नेहमीच म्हणतेस ना?"

आईला हसूच फुटलं. पोर तिकडे रडतेय आणि आपण हसतोय, हे तिलाच कसंसं वाटलं, पण हसू काही थांबेना.

"मी येते," ती म्हणाली. "मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस."

मुलगी पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. आईनं विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं होतं. घरी सांगितलं ओव्हरटाइम आहे. नापास झालो तर निदान घरात हसं नको, एवढाच हिशेब. 'माझ्या परिचयाचं काम' या विषयावर तिनं विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टकटक करत एक निबंध लिहिला आणि जमा केला. पुढच्याच आठवड्यात तिची पाळी बदलून संध्याकाळची झाली. वर्ग सुटला तो सुटलाच. निबंध कुणी वाचला की केराच्या टोपलीत गेला, हे तिला कधी कळलं नाही. विचारायचं तरी कुणाला, आणि कुठल्या तोंडानं? वाक्यं मात्र तोंडात राहिली. घरी कपड्यांच्या घड्या घालताना ती आपसूक बाहेर यायची, आणि पोरीनं ती लहानपणापासून ऐकली होती.

आणि तो निबंध अजून होता! कुणीतरी जपून ठेवला होता!

ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "मला आत्ता सुट्टी हवीय."

"का? घरी कुणाला बरं नाही का?"

"सगळे ठणठणीत आहेत. माझा निबंध सापडलाय."

मुकादमानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोन्याचा होता का?"

"जवळजवळ."

"मग जा बाई. उद्या भरून काढ."

कामाच्या निळ्या झग्यातच ती विद्यापीठात पोचली. मुलगी खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

"तू या कपड्यांत आलीस?"

"कपडे धुतलेले आहेत. चल आत."

मॅडमची खोली इतकी लहान होती की तिसरी खुर्ची आणल्यावर दार लागेना. मॅडम वयानं फार मोठ्या नव्हत्या. टेबलावर चहाचा कप थंड होऊन पडला होता. त्यांनी स्क्रीन दोघींकडे वळवली. पानावर लाल पट्टेच्या पट्टे उठले होते.

"आधी घाबरणं थांबव," त्या मुलीला म्हणाल्या. "हा कच्चा खर्डा आहे. आठशे जणांचं लिखाण मी एकटी ओळ न् ओळ कधी वाचणार? कुणाची गाडी कुठे अडलीय, ते मला या रंगांवरून कळतं. लाल झालं म्हणजे चोरच असं नाही. इथे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आहे, एवढंच तो रंग सांगतो. आता तो आवाज कुणाचा, ते तू मला सांग."

मुलगी आईकडे बघू लागली.

"मॅडम, ती वाक्यं माझी आहेत," आई म्हणाली.

"म्हणजे तुम्ही तिला सांगितलीत."

"सांगितली तर खरीच. पण त्याआधी लिहिली होती. इथेच, तुमच्या याच वर्गात."

मुलीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "आई?"

"कागदपत्रं माहेरच्या नावाची होती, म्हणून तुम्हाला नावावरून कळलं नसेल," आई म्हणाली आणि तिनं मॅडमना आपलं तेव्हाचं नाव सांगितलं.

मॅडमनी जुना निबंध उघडला. वरचं नाव पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवून घेतली. त्यांच्या डोळ्यांत एकदम लहान मुलासारखी चमक आली. "वाक्य आहे, 'रक्ताचा डाग गरम पाण्याला भीत नाही.' पुढे काय लिहिलंय?"

"'उलट तो आणखी घट्ट बसतो,'" आई ताबडतोब म्हणाली. "'त्याला थंड पाणी लागतं आणि धीर लागतो. माणसाच्या रागाचंही तसंच आहे.'"

मॅडमचं बोट स्क्रीनवरून शब्दामागून शब्द सरकत होतं. "पुढे?"

"'नव्या मुली गरम पाणी घेतात. मीही घेतलं होतं.'"

"अगदी शब्द न् शब्द!" मॅडमनी टेबलावर थाप मारली. कपातला चहा हिंदकळला. "तुम्ही वर्ग का सोडलात हो?"

"पाळी बदलली."

मुलगी अजून आईकडेच बघत होती. "तू मला कधीच कशी बोलली नाहीस?"

"पास झाले असते तर बोलले असते." मॅडमनी मुलीचा खर्डा पुन्हा उघडून स्क्रीन वळवली, तेव्हा आईनं खालच्या लाल परिच्छेदाकडे बोट केलं. "पण 'निर्जंतुकीकरणाच्या प्रक्रियेची प्रमाणित मानके' हे माझं नाही हं मॅडम. मी असं मेले तरी बोलणार नाही."

"ते वेबसाइटचं," मुलगी पुटपुटली. "मला नीट कळलं नव्हतं, म्हणून तसंच उतरवलं."

"मग ही मात्र चोरीच!" आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला, तशा मॅडम खळखळून हसल्या.

"ते खोड," त्या मुलीला म्हणाल्या. "चादरी कशा उकळतात ते आईला विचार, आणि समजलं की तुझ्या शब्दांत लिही. आईची वाक्यं आहेत तिथे अवतरणचिन्हं घाल. शेवटी संदर्भांत तिचं नाव, निबंधाचं नाव आणि साल."

तिथेच बसून मुलीनं परिच्छेद पुन्हा लिहिला. आई सांगत होती, मुलगी मधेच अडवून विचारत होती, "पण एवढं गरम कशाला लागतं?" आणि आई हातवारे करून समजावत होती. मॅडमनी खर्डा पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये घातला. स्क्रीनवर एक गोल फिरू लागला. तिघीही खुर्च्यांच्या कडेवर येऊन बसल्या. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. "थांबा!" तिघी एकदमच म्हणाल्या.

आकडा आला. एकोणीस.

"अजून एकोणीस उरलेच!" मुलगी हिरमुसली.

"राहू देत," मॅडम म्हणाल्या. "ते तुझ्या आईचे आहेत, आणि आता तू तसं लिहिलंयस. आता याला कुणी चोरी म्हणणार नाही."

मुलीनं संदर्भांत आईचं नाव दोन जाड पुस्तकांच्या मधे वाचलं, मग पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. तेवढ्यात मॅडमनी जुना निबंध छापून आईच्या हातात ठेवला. दोनच पानं होती.

"याला गुण किती मिळाले होते?" आईनं विचारलं.

"तपासायचा राहून गेलाय. तुम्ही यायचं थांबला होतात ना." मॅडमनी पेन उचललं. "मी तपासते. परवा घेऊन जा. आणि सकाळचे वर्गही असतात आता."

"बघू," आई म्हणाली, पण तिचा चेहरा फुलला होता.

विद्यापीठाच्या फाटकाशी येईपर्यंत मुलगी ती पानं मोठमोठ्यानं वाचत होती. ओळखीचं वाक्य आलं की थांबून आईला कोपरानं ढोसत होती. शेवटच्या ओळीला मात्र ती गप्प झाली.

"वाच की," आई म्हणाली.

"'हे काम मी थोड्या दिवसांसाठीच करते आहे.'"

रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या. आईनं झग्याची बाही नीट केली.

"यात काही चूक आहे का गं?"

"नाही." मुलगी कागदाकडेच बघत होती. "व्याकरणाची नाही."

"मग झालं तर. तू जा, तुझा तास चुकेल."

मुलीनं तिला घट्ट मिठी मारली आणि ती आत पळाली. आई बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. तिनं पानं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, ओठ हलवत, सावकाश. तिची बस आली, थांबली, दारं उघडून मिटली आणि निघूनही गेली. आई दुसऱ्या पानावर होती.