देवमाशाच्या शेपटीखाली दोन बोटं

माझं काम भोकं बुजवण्याचं. वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत मी जुने सागरी नकाशे दुरुस्त करते. कसरीनं खाल्लेले, घडीवर फाटलेले, कुणीतरी वर चहाचा कप ठेवलेले, सगळे माझ्याकडे येतात. कागदाचा लगदा, पातळ खळ आणि भिंग घेऊन मी भोक असं बुजवते की ज्यानं पाडलं त्यालाही ते सापडू नये. याचा मला भारी ताठा होता.

फक्त एका जातीच्या भोकांना मी हात लावत नाही. अनोळखी समुद्रात पहिल्यांदा शिरलेले दर्यावर्दी रोज दुपारी सूर्य मोजायचे, जहाज कुठं आलं याचा अंदाज बांधायचे आणि तिथं कर्कटकाचं टोक टोचायचे. भोकामागून भोक, असा त्यांचा रस्ता. त्यातले निम्मे लोक वाटेतच मेले, त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. अशा नकाशासोबतच्या नोंदपत्रावर मी लाल शाईनं लिहिते, ‘ही भोकं बुजवू नयेत.’ यावरून एकदा मी साहेबांशी तासभर भांडले आहे.

आमच्या घरीही एक नकाशा होता. वडिलांनी तो जुन्या बाजारातून रद्दीच्या भावात उचलला होता. त्यावर देवमासा, गाल फुगवलेला वारा, शिडाची जहाजं, आणि खाली दक्षिणेला झाडाडोंगरांसकट एक भलीमोठी जमीन, जी जगात कुठंच नाही. नकाशा काढणाऱ्या कुण्या कप्तानाला लांबून ढग दिसले असतील, त्यानं दिली जमीन ठोकून. वडील गेल्यावर नकाशा आईच्या खोलीत आला.

काचबिंदूनं आईची नजर गेली. मी सुट्टीला गेले की ती नकाशासमोर खुर्ची ओढून त्यावर हात फिरवत बसलेली असायची. मला वाटायचं, वडिलांची आठवण येत असेल. कागदाची मात्र पार लक्तरं झाली होती, भोकं तर विचारू नका.

“दे, महिन्याभरात नवा करून आणते,” मी म्हटलं.

“नको गं. आहे तो बरा आहे.”

असं ती दोनदा म्हणाली. मी कुठली ऐकतेय! घरात जन्मभर कौतुक झालं ते धाकट्या भावाचं. सहा फुटी धिप्पाड माणूस, पण घरात टिल्लूच. तो मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होता. सहा वर्षांपूर्वी ते जहाज त्याच्यासकट बुडालं, आणि त्यानंतर तर माझ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, एकदा आईच्या बोटांना तरी कळू दे मी काय करते ते.

कामाला हात लावण्याआधी फोटो काढायचे, ही आमच्याकडची पहिली शिस्त. घरचंच काम म्हणून मी ते काढले नाहीत. कसरीची भोकं समजून एकूण एक बुजवली. एकदाही भिंग लावून त्यांच्या कडा तपासल्या नाहीत.

नकाशा परत भिंतीवर लावला आणि आईचा हात धरून त्यावर ठेवला. ती चाचपत राहिली. आधी हळू, मग भराभर, वरपासून खालपर्यंत.

“टिल्लू कुठाय?” ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. टिल्लूनं या नकाशाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला होता. बंदराला लागला की फोन करायचा, “आई, आज देवमाशाच्या शेपटीखाली दोन बोटं.” आई दाभण घ्यायची आणि तिथं भोक पाडायची. नऊ वर्षं. तेव्हा तिला दिसत होतं.

तीनशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांची भोकं मी जिवापाड जपली, आणि माझ्या भावाची खळ लावून बुजवली. मी तिथंच खाली बसले.

“रडतेस काय? दाभण आण,” आई म्हणाली. “मला दिसत नाही, पण ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही, पण दिसतं.”

दुपारभर ती सांगत होती आणि मी टोचत होते. वाऱ्याच्या हनुवटीखाली. मोठ्या जहाजाच्या मागे एक बोट. काही ठिकाणी ती अडखळायची आणि म्हणायची, “गेलं ते, जाऊ दे.” अशी बरीच गेली.

“आता शेवटचं,” ती म्हणाली. “ते तू सांग. मी अंदाजानंच पाडलं होतं. तू धड सांगितलंच नव्हतंस.”

कंपनीचा फोन मला आला होता. मी आईला कळवलं तेव्हा तिनं विचारलं होतं, “कोणत्या चित्रापासून किती बोटं?” मला वाटलं, तिचं डोकं फिरलंय. मी खेकसले होते, “आता ते कळून काय करायचंय तुला?”

जहाजाच्या शेवटच्या निरोपातले अक्षांश-रेखांश मला पाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा. नकाशाच्या कडेच्या मापांवरून मी पट्टी धरली, दोन्ही रेषा जिथं मिळाल्या तिथं पाहिलं. पुन्हा मोजलं. मग टोचलं आणि आईचं बोट तिथं नेलं.

“कुठं आलं?”

“खाली, दक्षिणेला. त्या खोट्या जमिनीवर. दोन झाडांच्या मधे.”

“पाण्यात नाही?”

“या नकाशात नाही.”

आईनं बोट तिथून हलवलं नाही.

“म्हणजे उतरला म्हणायचं,” ती म्हणाली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा रडली.