जखमेतले पहिले जंतू

अपघाताच्या दिवशी गवंड्याच्या जखमेतून जे जंतू वाढले, त्यांपैकी एकही नंतर चिघळलेल्या हाडात सापडला नाही.

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला एक जुना इन्क्युबेटर आहे. म्हणजे जंतू वाढवण्याचे उबदार कपाट. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. आता माझ्या डोक्यावर रिकामी खोकी रचतात. दार करकरते, रंग उडाला आहे. पण आतली ऊब माणसाच्या अंगाइतकी राखण्यात मी कधी कसूर केलेली नाही.

गवंडी परांचीवरून पडला आणि नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले. जखम धुण्यापूर्वीच बोळा फिरवून नमुना घ्यायचा, ही हाडांच्या विभागाची पद्धत. माझ्यात मातीतले साधे जंतू वाढले आणि औषध त्यांच्यावरचे दिले गेले. पुढे जखमेतून हिरवट पू वाहू लागला. हाडांचे डॉक्टर तरातरा आले.

"बाई, हे खटारं भंगारात काढा! खरा जंतू ह्यानंच चुकवला. आता पाय कापायची वेळ आलीय."

जंतुशास्त्राच्या बाईंनी ओळखीचे जंतू पेरलेली बशी माझ्यात ठेवली. ते जोमाने वाढले.

"इन्क्युबेटर ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जखमेत काय पडलं होतं, ते त्यानं सांगितलं. पुढे कोण येणार हे सांगायला तो काय ज्योतिषी आहे?"

अगदी बरोबर! मी वाढवतो, भाकीत करत नाही. धुण्याआधीच्या बोळ्यावर कोणी पुढचे उपचार बेतले, तर तो दोष मी घेणार नाही.

"मग करू काय?"

"वरचा पू पुसून आणू नका. जखम उघडा आणि आतल्या हाडाचे तुकडे द्या, वेगवेगळ्या जागचे."

हाडाच्या तुकड्यांच्या कुप्या घेऊन गवंड्याची बहीण आली. "बाई, नीट बघा हं. दादा म्हणतो, एका पायावर उभं राहायला मी काय बगळा आहे?"

प्रत्येक तुकड्यातून एकच हिरवा जंतू उगवला. औषध त्यावरून ठरले. पू आटला, पाय राहिला.

"पण हा आला कुठून?" डॉक्टरांचा आवाज आता खाली होता.

"जखमेला जे जे लागतं, त्या सगळ्याचे नमुने आणा."

डॉक्टरांनी स्वतःची बोटेसुद्धा एका बशीत टेकवून दिली आणि मग माझे दार उघडून डोकावत राहिले.

"सारखं उघडू नका हो, ऊब जाते!" बाई ओरडल्या.

मित्रांनो, जुन्या यंत्राला खुशाल भंगारात काढा. पण आधी त्याची परीक्षा घ्या, आणि त्याला जे ठाऊक असू शकते तेवढेच विचारा.

हिरवा जंतू एकाच बशीत उगवला. ती बशी मीठपाण्याच्या नमुन्याची होती. चिकटलेल्या पट्ट्या भिजवून सोडवायला विभागात एकच उघडी बाटली सगळ्या खाटांवर फिरत असे. उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ते टाकून देत नसत. त्या बाटलीतून जंतू जखमेत गेला होता.