झाड तोडण्याचा अर्ज

वजनमापे खात्यातल्या या निरीक्षकाला बाजारातले दुकानदार ग्रॅमराव म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती? दहा ग्रॅमसाठी हा माणूस भर बाजारात रणकंदन करायचा. अशा रागाचं जे व्हायचं तेच झालं. रक्तदाब एकशे सत्तरच्या खाली उतरेना, मान आखडली, झोप साफ उडाली. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात आकडा उतरला नाही तर फिरती बंद आणि खुर्चीवरचं काम. फिरती बंद म्हणजे ग्रॅमराव संपलेच की हो!

दोष आपला असेल असं वाटणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. त्यांनी दोष दिला झाडाला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत फांदी घुसवून उभं राहिलेलं झाड, आणि त्यावर पहाटे पाचपासून पाखरांचा कलकलाट. झोप मोडते ती यांच्यामुळेच! त्यांनी झाड तोडण्याचा अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. तळमजल्यावरचे चेअरमन तर गाडीला जागा होईल म्हणून दोनदा सही करायला तयार होते.

उद्यान खात्याने अर्जासोबत एक तक्ता भरायला दिला. पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास झाडाकडे चारही बाजूंनी बघायचं, कोणता पक्षी दिसला ते लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात घरटं आहे की नाही ते. घरटं नसेल तर झाड तोडायला परवानगी. आता शहाणी माणसं काय करतात? चहा पिता पिता एका बैठकीत पंधराही दिवस भरून मोकळी होतात. बायकोने तेच सुचवलं. ग्रॅमराव असे उखडले, जणू तिने त्यांना वजनाचं बूड पोखरायला सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी 'झाडाचे नाव' याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'झाड'. पक्ष्याचे नाव, 'काळा, उद्धट'. तिसऱ्या दिवशी कळलं की काळे दोन आहेत आणि त्यातला एक लंगडा आहे. पाचव्या दिवशी लंगड्याला यायला उशीर झाला तर यांचा जीव खालीवर. रोज दोन जिने उतरायचे, झाडाभोवती फिरायचं, मान वर करून बघत राहायचं. मान कधी सैल झाली कळलंही नाही. नवव्या दिवशी बाजारात एका काट्यात खोट सापडली, तर यांनी आवाज न चढवता जप्तीचा कागद लिहिला. दुकानदारच घाबरला, साहेब बरं नाही का म्हणाला. घरी आता असे घोरत, की झोप मोडायची पाळी बायकोवर आली.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला. एकशे अठ्ठावीस. खूश व्हायचं सोडून ग्रॅमराव यंत्राची पडताळणी शेवटची कधी झाली ते विचारू लागले. दुसरं यंत्र आणवलं. तेही तेच म्हणालं.

"हल्ली करता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाड तोडतोय," ग्रॅमराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही', तेही स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात. अर्ज मागे घ्यावा तर सह्या सगळ्या इमारतीच्या. चेअरमनना भेटायला गेले, तर त्यांनी पांढरा पट्टा मारून गाडीची जागा आखूनही ठेवली होती. ते कशाला ऐकतायत! ग्रॅमराव वर आले, गॅलरीत बसले आणि चक्क रडले. लंगडा कुठे जाईल? आणि मी कुठे जाऊ? बायको एरवी चेष्टा सोडायची नाही, पण त्या दिवशी हसली नाही. तिने आतून खराटा आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यान खात्याच्या बाई आल्या, मागोमाग चेअरमन. गॅलरीतल्या फांदीवर घरटं होतं. बाई स्टुलावर चढल्या, बराच वेळ न्याहाळत राहिल्या आणि मग त्यांनी पर्समधून मोजपट्टी काढली.

"साहेब, यातली एकूण एक काडी बारा सेंटिमीटरची आहे."

चेअरमन गालात हसले. बायकोने कपाळावर हात मारला. आदल्या संध्याकाळी ती जीव तोडून सांगत होती, अहो, वेड्यावाकड्या मोडा. पण मापाशिवाय यांचा हात चालेल तर ना!

बाईंनी तक्ता पुढे धरला. "शेवटचा दिवस राहिलाय. घरटं आहे का?"

ग्रॅमरावांनी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. फांदीवर लंगडा येऊन बसला, त्याने त्या काड्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आहे."

"कोणाचं?"

"माझं," ग्रॅमराव म्हणाले.

"वापरात आहे?"

"रोज. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास."

चेअरमन उसळले, नियमात पक्ष्याचं घरटं लागतं म्हणाले. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, नियमात नुसतं घरटं म्हटलंय, कोणाचं ते म्हटलेलं नाही. मग तक्ता गुडघ्यावर घेऊन त्यांनी शेवटच्या रकान्यात 'आहे' लिहिलं. पक्ष्याच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. बाईंचं भाजी घेणं त्याच बाजारात होतं. त्या लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "ग्रॅमराव, एक नग."

तोंडावर! तेही चेअरमनसमोर! बायकोने श्वास रोखला. ग्रॅमरावांनी रागाची वाट पाहिली, चांगली मिनिटभर पाहिली. तो काही आला नाही.